गोणपाटाचे पाय

चारचौघांत मोठ्या माणसाची लाज काढायची नसते, एवढी साधी रीत सोळा वर्षांच्या घोडीला कुणी शिकवली नाही, हेच हौसाबाईंना जास्त झोंबलं होतं. तेही दसऱ्याच्या दिवशी. आणि तेही सख्ख्या नातीनं!

अमेरिकेत पिस्कॅटवेला लेकाकडे, नरेंद्रकडे, येऊन त्यांना चार वर्षं झाली होती. आल्या आल्याच त्यांनी माहेरची रीत इथे लावून दिली. साताऱ्याकडच्या त्यांच्या माहेरी दसऱ्याचं सीमोल्लंघन निघायचं ते त्यांच्या वडिलांच्या मागून. वडील पहिल्या मोठ्या लढाईत इंग्रजांची खेचरं हाकायला गेले होते, थेट तुर्कांच्या मुलखात. दोन्ही अंगांना जमीन, मधून समुद्राची चिंचोळी वाट. ती ज्याच्या हाती, त्याला तुर्कांची राजधानी मोकळी. परत आल्यावर पहिल्याच दसऱ्याला वडिलांनी स्वतःच्या पायांना आणि बैलांच्या खुरांना गोणपाट बांधलं आणि तोंडातून चकार शब्द न काढता वेशीपर्यंत चालत गेले. गावानं ताडलं, गड्यानं अशाच दबक्या पावलांनी जाऊन ती वाट जिंकली! मग सगळा गाव तसाच चालू लागला, वेशीवर "फत्ते!" म्हणून ओरडू लागला आणि आपट्याचं पहिलं पान त्यांच्या घराला देऊ लागला. तो मान भावाच्या घरात अजून होता.

इथे आपटा नव्हता, मेपल होता. बैल नव्हते, पण बासमतीची रिकामी पोती होती, आणि हौसाबाईंचा शब्द मोडायची नरेंद्रच्या मित्रांची छाती नव्हती. यंदाही दिवेलागणीला चार घरची माणसं बुटांवर पोत्यांचे तुकडे बांधून ड्राइव्हवेत उभी होती. तेवढ्यात नरेंद्रची उर्वी म्हणाली,

"आजी, मी हिस्टरीचा पेपर यावरच लिहिला. इंग्रज जिंकले नव्हते. आठ महिने ट्राय केलं, आणि मग सगळे गुपचूप निघून गेले. खुरांना पोती बांधून! धिस इज नॉट अ व्हिक्टरी मार्च. हा रिट्रीट आहे."

नरेंद्रच्या ऑफिसातला श्रीरंग फिस्सकन हसला आणि लगेच खोकल्याचं सोंग करू लागला.

"रिट्रीट म्हंजे काय रे?" हौसाबाईंनी लेकाला विचारलं.

"माघार, आई," नरेंद्र बुटांकडे बघत म्हणाला.

"उर्वे, आत चल," हौसाबाई म्हणाल्या.

स्वयंपाकघरातल्या खुर्चीत त्या टेकल्या. देव्हाऱ्यात ठेवलेला वडिलांचा लढाईतला बिल्ला आणून त्यांनी टेबलावर आपटला. "मग ह्यो कशाला दिला सरकारनं? हरणाऱ्याला कुणी बिल्ला देतं का?"

"आजी, तो सगळ्यांनाच दिला. जे जे वॉरमध्ये होते, त्या सगळ्यांना."

"समद्यांना?"

हौसाबाई दुसरी शिकल्या होत्या. बिल्ल्यावरची इंग्रजी अक्षरं त्यांना कधीच लागली नव्हती. पण त्याच बिल्ल्याच्या जोरावर त्यांनी जन्मभर जावेला ऐकवलं होतं, "तुझ्या बापानं काय जिंकलं गं? बांधावरची बोर?" जाऊ बिचारी मान खाली घालून भाकरी थापायची. ती मरून आठ वर्षं झाली. आता तो टोमणा परत कुठून घ्यायचा? डोक्यात नुसतं ताक घुसळल्यासारखं झालं. गाव खोटं म्हणावं, की बाप खोटा, की ही पोर?

"नीट सांग. काय झालं तिथं?"

"आधी बोटी पाठवल्या, पाण्यात सुरुंग होते, त्या बुडाल्या. मग माणसं उतरवली. दोन्ही साइडचे खूप मेले. एव्हरीथिंग वेंट राँग. पण जाताना... सगळ्यांना वाटलं होतं, अर्धे तरी मरतील. आणि ऑलमोस्ट कुणीच नाही मेलं. तेवढं एकच नीट झालं, आजी. मी पेपरात तेच लिहिलंय."

हौसाबाईंना माहेरचा दसरा आठवला. वेशीवर गाव ओरडायचं, तेव्हा वडील कधीच ओरडले नव्हते. ते माघारी वळायचे आणि एकेका डोक्याला हात लावत मोजायचे. घरी आल्यावर आईला विचारायचे, "समदी आली का?" ती "आली" म्हणेस्तोवर सणाच्या ताटाला हात नाही. पोरं हसायची, म्हातारा मेंढरं मोजतोय म्हणून. हौसाबाईही हसल्या होत्या.

नरेंद्रनं दारातून डोकावलं. "आई, लोक खोळंबलेत. कॅन्सल करू का?"

"कशापायी? मेलंय का कोण?" त्या उठल्या आणि पदर खोचला.

सगळे कोपऱ्यावरच्या स्टॉपच्या पाटीपर्यंत मुकाट चालत गेले. तिथं श्रीरंगनं सवयीनं "फत्ते!" ओरडायला छाती फुगवली. हौसाबाईंनी हात वर केला. तो तसाच फुगलेला राहिला.

परतल्यावर त्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याला हात लावू लागल्या. तेरा. निघताना चौदा होते. मागं दिव्याच्या खांबाखाली उर्वी वाकून सुटलेलं गोणपाट बांधत होती. ती येईपर्यंत त्यांनी कुणाला आत जाऊ दिलं नाही. ती आली, तसा तिच्याही डोक्यावर हात ठेवून त्या सगळ्यांच्या देखत म्हणाल्या,

"उर्वे, खरं सांगितलंस, त्याबद्दल माझं काही म्हणणं न्हाई. पन चार घरांपुढं सांगितलंस, आधी मला एकटीला न्हाई, तिथं चुकलीस. माझा बाप जिंकला का हरला, ते मला आता ठरवता येत न्हाई, आन् तुझ्या मास्तरालाबी येणार न्हाई. पुढच्या दसऱ्याला मानसं तू मोजायचीस. एक जरी कमी भरलं, तर घास मिळायचा न्हाई तुला."