आठ किटल्या परत फिरवणारी काठी

तोइवो काल्लिओच्या घरी तीन मुलांच्या पाठीवर हेल्मी जन्मली, त्याच हिवाळ्यात माझाही जन्म झाला. साल १९३१. मित्रांनो, मी एक जुनी बांबूची काठी आहे, गळाने मासे धरायची. हेल्मी पाळण्यात रडत असे आणि पलीकडच्या खोलीत तोइवो माझ्या कामट्या तासत बसलेला असे. म्हणून मी तिला बहीण समजते. ती मला काय समजत होती, ते पुढे सांगते.

तोइवो फिनलंडहून आलेला. माँटानाच्या डोंगरांखाली आमचे कोळशाच्या खाणीचे गाव होते. निम्मी घरे फिनिश लोकांची, आणि प्रत्येक फिनिश घरामागे एक सौना, म्हणजे वाफेची लाकडी न्हाणी. तोइवो दिवसभर खाणीत असे. संध्याकाळी न्हाऊन आला की कंदिलाजवळ बसून तो चीनहून आलेला बांबू चिरी. त्याच्या सहा तिकोनी कामट्या काढी आणि त्यांवर रंधा मारी. एका कामटीत सिगारेटच्या कागदाएवढा फरक राहिला तरी ती चुलीत जाई. मग सहाही कामट्या सरसाने एकजीव करून तो वरून रेशमी धागा गुंडाळी. एका हिवाळ्यात एकच काठी होई. त्या वर्षीची मी.

माझे दोन भाग आहेत, बूड आणि शेंडा. मध्ये धातूचा जोड. तो बसवण्याआधी त्याचा खुंट नाकाच्या बाजूला घासायचा, ही आमच्याकडची रीत. नाकाचे तेल लागले की जोड नीट बसतो आणि निघतानाही अडत नाही. तोइवोच्या नाकावर किती धुतली तरी काजळी उरत असे. त्यामुळे माझा जोड पहिल्या उन्हाळ्यापासून काळपट आहे. मला त्याची लाज कधी वाटली नाही.

आमच्या गळाला किडा नसतो. पिसे आणि सशाची लव दोऱ्याने बांधून केलेली खोटी माशी असते, इतकी हलकी की फुंकरीने उडेल. ती फेकता येत नाही, दोरी फेकावी लागते, म्हणजे माशी तिच्या मागून जाते. त्यासाठी काठीला वाकता यायला हवे. मला वाकता येत होते. जूनच्या शेवटी बर्फ सरकले की दर रविवारी तोइवो मला घेऊन डोंगर चढे. खालच्या ओढ्यात तो जेवणापुरते ट्राउट धरी. लोण्यात तळलेला मासा आणि राईची भाकरी हे त्या घरचे रविवारचे जेवण. पण आणखी चार तास चढून गेल्यावर एक तळे होते. नकाशात त्याला नाव नव्हते, आम्ही त्याला वरचे तळे म्हणायचो. तिथला मासा तोइवोने कधी खाल्ला नाही. तो धरी, हनुवटीखालच्या दोन तांबड्या रेघा बघे आणि सोडून देई. ते मासे कुणी आणून सोडलेले नव्हते. ते तिथलेच होते.

एकवीस उन्हाळे असे गेले. शेजारी म्हणत, "तोइवो, ही काठी आम्हाला दे, तू दुसरी कर." तोइवो म्हणे, "बायको मागितलीत तर विचार करीन." आतून त्याची बायको सान्ना ओरडे, "मला विचारून कर विचार."

बाविसाव्या उन्हाळ्यात तोइवो अर्ध्या वाटेवर एका दगडावर बसला आणि त्याला पुढे चढवेना. कोळशाची धूळ त्याच्या छातीत बसली होती. तो पाण्यापर्यंत न जाताच खाली आला आणि त्याने मला सौनेच्या बाहेरच्या खोलीत खुंटीवर टांगले. तिथे मी सहा वर्षे होते. वाफेने माझे वॉर्निश फुगले. एका उंदराने मुठीचे बूच कुरतडले. हेल्मी मोठी झाली होती. गावच्या बेकरीत कामाला जाई आणि सुट्टीच्या दिवशी मासे धरायला. तिने काचतंतूची नवी पांढरी काठी मागवली होती, ताठ आणि चकचकीत. ती काठी माझ्याच शेजारच्या खुंटीवर टांगलेली असे. दर रविवारी ती जाई आणि मी राही. याहून जास्त मी त्याबद्दल बोलत नाही.

मग १९५८ चा जून आला.

मत्स्यखात्याचा ऑर्विल टेट नावाचा अधिकारी वरच्या तळ्यावर गेला. त्याने रात्रभर जाळे लावले आणि सकाळी ते रिकामे निघाले. त्याने लिहून टाकले की तळ्यात मासा नाही, आणि जुलैत तिथे मत्स्यबीज केंद्रातली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडायची असे ठरले. गाव खूश झाले. इथल्या लोकांचे ट्राउटवर इतके प्रेम आहे की बिनमाशाचे तळे त्यांना बघवतच नाही. दुधाच्या किटल्या भरभरून खेचरांवरून ते मासे डोंगरात नेतात. मधल्या तळ्यातही तसेच नेले होते. ती पिल्ले वेगाने वाढली, तिथल्या माशांचे खाणे त्यांनी खाल्ले, त्यांच्यात मिसळली, आणि दहा वर्षांत तांबड्या रेघांचा एकही मासा तिथे उरला नाही. तोइवोने हे डोळ्यांनी पाहिले होते. आता वरच्या तळ्याची पाळी होती.

तोइवो हेल्मीला घेऊन, चालायची काठी टेकत टेटच्या कचेरीत गेला. हेल्मीने परत आल्यावर आईला सगळे सांगितले, तेव्हा मी खुंटीवरून ऐकले.

टेट म्हणाला होता, "मिस्टर काल्लिओ, जाळं रिकामं आलं. मी काय करू?"

"जाळं तुम्ही तळ्यात लावलंत. या दिवसांत ते तळ्यात नसतात. अंडी घालायला वरच्या ओढ्यात चढतात."

"त्या ओढ्यात? अहो, तिथं गुडघाभर पाणी नाही."

"तुमच्या गुडघ्याला विचारून चढत नाहीत ते."

टेट हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "ठीक आहे. किटल्या घेऊन मी वर जाणार आहे. तिथं मला एक मासा दाखवा. जिवंत, तांबड्या रेघांचा. मी किटल्या भरलेल्या परत आणीन."

घरी आल्यावर हेल्मीने विचारले, "इसा, खात्री आहे ना तुझी? सहा वर्षं झाली." ती बापाला इसा म्हणे.

"पोरी, बत्तीस वर्षं मी अंधारात खोदत होतो. उजेडात बघितलेलं माणूस विसरत नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने मला खुंटीवरून काढले. जुने वॉर्निश खरवडले, नवे तीन हात दिले, मुठीला नवे बूच बसवले. दर दहा मिनिटांनी तो खोकत थांबे आणि तोपर्यंत मला मांडीवर धरून ठेवी. निघायच्या पहाटे तो हेल्मीला म्हणाला, "ही पण ने."

"माझी नवी आहे की."

"ने म्हटलं ना. ओझं खेचराला होणार, तुला नाही."

जुलैचा तिसरा सोमवार होता. चार खेचरे, आठ किटल्या, आणि खेचरांचा मालक लायल ब्रॅकेट. मित्रांनो, किटल्यांतून मासे नेताना वाटेत थांबता येत नाही. खेचर चालते तेव्हा पाणी हिंदकळते आणि त्यात हवा जाते. खेचर थांबले की पिल्ले गुदमरू लागतात. म्हणून आम्ही कुठेही न टेकता सहा तास चढलो आणि दुपारी वरच्या तळ्यावर पोचलो. तळे निळे आणि गप्प होते. त्यावर एकही वलय उठत नव्हते.

टेट म्हणाला, "हेल्मी, किटल्यांतलं पाणी गार आहे तोवर मी थांबतो. कोमट व्हायला लागलं की ओतणार. पिल्लं मारून मी परत जाणार नाही."

लायलने सावलीतले बर्फ पोत्यांत भरून किटल्यांभोवती बांधले आणि तो खेचरांना तळ्याकाठच्या गवतातून गोल गोल चालवू लागला. पाचव्या फेरीला तो ओरडला, "हेल्मी, खेचरं विचारताहेत आपण हरवलो का म्हणून."

"त्यांना सांग, मालक हुशार आहे."

"ते नाही पटायचं त्यांना."

वरून येणारा ओढा खरेच एका उडीत ओलांडण्याएवढा होता. हेल्मी पांढरी काठी घेऊन काठाने चढत गेली. मी खोगिराला बांधलेली होते, पण तिथून सगळे दिसत होते. तासभर काहीच झाले नाही. मग एका झुडपाखाली पाणी फुटले. माशाने माशी घेतली होती. सकाळपासून कोंडलेला धीर हेल्मीच्या मनगटात आला आणि तिने जोरात झटका दिला. ताठ काठी वाकली नाही. दोरीच्या टोकाचा केसाएवढा धागा तुटला आणि मासा गेला.

"बेडूक असेल," लायल म्हणाला.

"मासा होता," हेल्मी म्हणाली.

टेटने किटलीत हात बुडवून पाहिला. "मी शिंतोडा बघितला. मला रेघा बघायच्या आहेत. अर्धा तास आणखी, हेल्मी. त्यापुढे मला जमणार नाही."

हेल्मी खाली आली. खाली गावात तोइवो काय करत असेल, हे तिच्या मनात होते, आणि माझ्याही. तिने पांढरी काठी गवतात ठेवली, मला सोडले, जोडाचा खुंट नाकाच्या बाजूला घासला आणि मला जुळवले. सहा वर्षांनी माझ्यातून दोरी सरसरत गेली.

या वेळी ती उभी राहिली नाही. गुडघ्यांवर रांगत, आपली सावली पाण्यावर पडू न देता ती वरच्या डोहाशी गेली. डोह कसला, न्हाणीतल्या घंगाळाएवढा. तिथे लांब फेक कामाचीच नव्हती. हवी होती हातभर दोरी आणि हळू हात. मी मागे गेले, पुढे आले, आणि राखाडी माशी पाण्यावर अशी टेकली की जणू आपणहून उतरली. ती दोन विती वाहत गेली. खालून एक नाक वर आले.

हेल्मीने झटका दिला नाही. तिने मला फक्त उचलले. मी शेंड्यापासून थेट बुचापर्यंत वाकले. मासा खाली पळाला, मी त्याच्याबरोबर गेले. तो दगडाआड शिरला, मी वाट बघितली. सहाही कामट्या ताणल्या होत्या, पण एकीने दुसरीला सोडले नाही. तो धागा तुटणार नव्हता, कारण त्यावरचा सगळा भार मी घेत होते. तोइवोने मला यासाठीच केले होते.

"टेट!" हेल्मीने हाक मारली. त्या दिवसात ती एकदाच ओरडली.

टेट बुटांसकट पाण्यात उतरला आणि गुडघ्यांवर बसला. हेल्मीने आधी हात भिजवले, मग माशाला पोटाखालून हलके धरले. अंग पिवळसर, शेपटीकडे काळे ठिपके, आणि हनुवटीखाली दोन तांबड्या रेघा, आत्ताच कुंचल्याने ओढल्यासारख्या. टेट बराच वेळ बघत राहिला. हेल्मीने हात सैल केले आणि मासा वरच्या बाजूला निघून गेला. टेटची नजर त्याच्यामागे गेली आणि तिथेच थांबली. ओढ्याच्या तळाशी आम्ही ज्यांना दगड समजत होतो, त्यांतले निम्मे हलत होते.

"किती आहेत हे?" टेट पुटपुटला.

"तुम्ही एकच मागितला होता," हेल्मी म्हणाली. "मोजायचं तुमचं तुम्ही बघा."

टेट उठला. त्याच्या विजारीतून पाणी गळत होते. "लायल, खेचरं खाली वळव."

"भरलेल्या किटल्यांसकट?"

"भरलेल्या. धरणाच्या जलाशयात सोडू. तिथं आधीपासून या पिल्लांचीच जात आहे."

"मी वळवतो," लायल म्हणाला. "पण खेचरांना कारण तुम्ही सांगा."

आम्ही गावात शिरलो तेव्हा उन्हे अजून छपरांवर होती. तोइवो सौनेच्या पायरीवर बसला होता. त्याने आधी हेल्मीकडे पाहिले नाही, किटल्यांकडे पाहिले. खेचरे जड पावलांनी येत होती आणि प्रत्येक पावलाला झाकणांखालून पाणी हिंदकळत होते. त्याने बोट हवेत नाचवत आठही किटल्या मोजल्या. मग टेट त्याच्यासमोर येऊन उभा राहिला आणि टोपी हातात घेऊन म्हणाला, "मिस्टर काल्लिओ, मी चुकीच्या ठिकाणी जाळं लावलं होतं."

"होतं तसं," तोइवो म्हणाला. "बसा. कॉफी घ्या." मग त्याने हेल्मीला विचारले, "कुठल्या काठीनं?"

हेल्मीने मला वर उचलले. तोइवोने मला हातात घेतले, जोडावर अंगठा फिरवला आणि जमलेल्या शेजाऱ्यांकडे बघून मोठ्याने म्हणाला, "आता मागा कुणी ही काठी."

त्यानंतर हेल्मीने मला चाळीस उन्हाळे वरच्या तळ्यावर नेले. पांढरी काठी तिने लायलला दिली. आता माझा शेंडा थोडा एका बाजूला कलला आहे आणि मी हेल्मीच्या लेकीकडे असते.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी जुनी काठी तुमच्या घरी असेल तर तिला ओली ठेवू नका. पुसा, सुकवा, मगच तिला ठेवायच्या नळीत घाला. मासा धरलात तर आधी हात भिजवा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. आणि एखादे पाणी तुम्हाला रिकामे दिसले, तर ते भरायला घेण्याआधी गुडघ्यांवर बसून नीट बघा. जे तिथे जन्मापासून राहते, ते आल्या दिवशी दिसत नाही.

तोइवो काल्लिओ त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५८ रोजी, मंगळवारी सकाळी, आपल्या घरी वारला. तो एकसष्ट वर्षांचा होता. वरच्या तळ्यात त्या दिवशी त्याचे मासे होते, आणि ते त्याला ठाऊक होते.