डाव्या खांबाकडचे फाऊल

"ह्याला पंचगिरी म्हणतात का?" मंडपातून कोणीतरी ओरडलं. भिमाजी सरांनी तिकडे वळूनही पाहिलं नाही. खो-खोचा सामना निफाडच्या मुलींनी जिंकला होता आणि सर स्वतः निफाडचे होते.

"बघा मॅडम," निवड समितीचे धनराज हर्षालीला म्हणाले, "घरच्या पोरींना झुकतं माप. स्पष्ट लिहा. ह्यांना पंच म्हणून राज्य स्पर्धेला पाठवायचं की नाही, ते तुमच्या शेऱ्यावर आहे."

हर्षाली पंचांचं मूल्यमापन करायला आली होती. तिच्या हातात पहिली शिट्टी याच सरांनी दिली होती. तिने मैदानाची आकृती काढून सुटलेला प्रत्येक फाऊल टिंबाने दाखवला होता. टिंबं दोन्ही संघांची होती. म्हणजे पक्षपात नव्हता. पण जवळजवळ सगळी सरांच्या डाव्या हाताच्या खांबाकडे दाटली होती. तिथे पाठीला नुसता हात लागायचा, तोंडून 'खो' निघायचाच नाही, तरी बसलेली मुलगी उठून पळायची आणि शिट्टी गप्प. ऊन डोळ्यांवर येत असेल म्हणावं, तर ऊन सरांच्या पाठीशी होतं.

सर पायरीवर चहा घेत होते. तीही चहाचा कप घेऊन त्यांच्या डावीकडे बसली. आधी चांगलं सांगायचं, मग एकच चूक, तीही एकांतात, असं तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं.

"सर, तुमचे हातांचे इशारे अजूनही सगळ्यांत स्वच्छ आहेत."

सरांनी हसून मान डोलावली.

तिने आवाज आणखी खाली आणला. "पण डाव्या खांबाकडचे फाऊल सुटतायत. असं का होतंय, सर?"

सरांनी तशीच मान डोलावली. "लय बरं वाटलं बघ, तू आली ते. आता राज्याला जायचं म्हणजे नवे बूट घ्यावे लागतील."

हर्षाली कप घेऊन उठली, त्यांच्या मागून फिरून उजवीकडे येऊन बसली.

सरांचं हसू विरलं. "कळलं ना तुला?"

"कधीपासून, सर?"

"दिवाळीपासून. घरी बी सांगितलं नाय."

"कानाचं मशीन मिळतं..."

"मशीन लावलेला पंच कुठं बघितला का तू? ह्या ओरडणाऱ्यांना आयतंच सापडंल."

तिने पाहिला नव्हता. "यंदा मला 'पाठवा' असं लिहिता येणार नाही, सर. पण पक्षपात नव्हता, हे मी लिहिणार. कान तपासून या. मी पुन्हा तुमचा सामना बघायला येईन."

सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

"मघाशी काहीतरी चांगलं बोलली ना तू? तुझ्या तोंडावरनं वाटलं. ते ह्या कानात सांग एकदा."

ती वाकली आणि इशाऱ्यांचं ते वाक्य तिने पुन्हा म्हटलं. मैदानावर पुढचा सामना सुरू झाला होता. डाव्या बाजूने खणखणीत 'खो' आला. सरांनी मान वळवली नाही.