अर्धा फेरा उघड, मीरा

अमेरिकेत बॉथेलला लेकीकडे, उपासनाकडे, येऊन महिना झाला होता. येत्या शनिवारी डोंगरातल्या गरम झऱ्यावर राहायला जायचं आहे, असं उपासनाने सांगितलं आणि त्या दिवसापासून मीराताईंच्या पायाला भिंगरीच लागली. नागपूरच्या बहिणीला त्यांनी व्हिडिओ कॉलवर तीनदा तेच तेच सांगितलं.

"जपानी पद्धतीचं हॉटेल आहे म्हणे. खाली चटईवर गादी टाकून झोपायचं. अन् प्रत्येक खोलीला आपापलं न्हाणीघर. जमिनीतून आलेलं गरम पाणी रात्रंदिवस वाहून राहिलं. गॅस नाही, गिझर नाही!"

"मग तापवतं कोण?" बहिणीने विचारलं.

"धरती!" मीराताई म्हणाल्या आणि आपल्याच उत्तरावर खूश होऊन हसल्या.

त्यांच्या नवऱ्याला, राजारामजींना, मात्र काडीचा उत्साह नव्हता. कोराडीच्या वीजकेंद्रात चौतीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस. इथे सकाळी उठून घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या खोलीचं दार उघडायचं, कान देऊन आवाज ऐकायचा, ठीक चालू आहे म्हणून दार लावायचं. तेवढं केलं की दिवसभराचं काम संपलं.

"आंघोळीसाठी तीन तास ड्राइव्ह?" ते म्हणाले. "घरात दोन-दोन बाथरूम आहेत."

पण निघाले. जावयाची, प्रितमची, ऑफिसची ऑन-कॉल ड्यूटी होती, म्हणून गाडीत चौघंच: उपासना, तिची आठ वर्षांची रुही आणि हे दोघे. मार्च संपत आला होता तरी घाटात रस्त्याच्या दोन्ही कडांना मातकट बर्फाचे ढीग होते. उंच काळ्या झाडांमधून एक वळण घेतलं आणि समोर लाकडी, बसकं, लांबच लांब छपराचं घर आलं. मागच्या उतारावरून वाफेचा एक धागा वर चढत होता.

"ते बघा, ते बघा!" मीराताई रुहीच्याही आधी ओरडल्या.

दारात मालकीण उभी होती. हारुको नाव. सत्तरीची, चणीने बारीक, केस पांढरेशुभ्र. आईवडील जपानहून आलेले, आणि आईच्या गावात जशी हॉटेलं असतात तसंच हे तिने आणि तिच्या नवऱ्याने बांधलेलं. नवरा चार वर्षांपूर्वी गेला, आता ती एकटीच बघते. चपला काढून आत गेलं तर कोनाड्यात हातभर उंचीची बुद्धमूर्ती होती. मीराताईंनी सवयीने हात जोडले, राजारामजींनीही जोडले. मागे वळून बघतात तर हारुकोही कमरेतून वाकलेली. मीराताईंना वाटलं, चला, आपलंच घर आहे.

खोलीत सुती झगे ठेवले होते. मीराताईंनी तो साडीचा पदर घ्यावा तसा उजवीकडून वर घेतला, तशी हारुको लगबगीने पुढे आली आणि तिने डावी बाजू वर करून पट्टा बांधून दिला. इंग्रजीत काहीतरी हळूच सांगितलं.

"उजवी बाजू वर घेतात ती मेलेल्या माणसाची," उपासनाने हसत सांगितलं.

"बाप रे! मला अजून आंघोळ करायची आहे!"

न्हाणीघर म्हणजे खोलीच्या मागे, तिन्ही बाजूंनी लाकडी आडोसा आणि समोर मोकळा डोंगर. लाकडाची केवढी मोठी चौकोनी टाकी! आधी बाहेर छोट्या स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मग आत बसायचं, आणि आत बसताना अंगावर काही नको, हा नियम. दाराला आतून कडी. मीराताईंनी कडी दोनदा लावून बघितली.

पण टाकी अर्धीच भरलेली. वरच्या पन्हाळीतून करंगळीएवढी धार पडत होती. ती खोकली, दोनदा थुंकली आणि बंद झाली.

हारुको धावत आली. वाकून वाकून माफी मागू लागली. दोन दिवसांपूर्वी झाड पडून वरचा पाइप फुटला होता, काल नवा तुकडा बसवला, तेव्हापासून पाणी असंच येतं-जातं. आता सगळ्याच खोल्यांचं बंद झालं. प्लंबर सोमवारी येणार. तुम्हाला मी खालच्या गावात दुसरी खोली बघून देते, ती म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

मीराताईंचाही झाला. आठ दिवसांचा सगळा उत्साह त्या अर्ध्या टाकीत बुडाला.

आणि राजारामजी? ते ओल्या फरशीवर गुडघे टेकून पाइपला कान लावून बसले होते.

"पाणी आहे," ते म्हणाले. "हवा अडकली आहे."

"बाबा, प्लीज," उपासना दबक्या आवाजात म्हणाली. "इथे असं कोणाच्या पाइपला हात लावत नाहीत. काही झालं तर लायबिलिटी असते, यार."

राजारामजींनी लेकीकडे बघितलंच नाही. ते हारुकोकडे बघत होते. "मॅडम, न्यू पाइप. अप-डाउन? एअर लॉक."

हारुकोने विचारलं, "तुम्ही गरम पाण्याचं काम केलंय?"

"थर्टी-फोर इयर्स. बॉयलर."

ती दोन जोड रबरी बूट आणि पान्यांची पिशवी घेऊन आली.

"मीपण येते," मीराताई म्हणाल्या.

"तू काय करशील तिथे?"

"बघीन."

चौतीस वर्षं त्यांनी तीन पाळ्यांचे डबे भरले होते. कोळशाने काळे झालेले कपडे धुतले होते. पण वीजकेंद्राच्या गेटच्या आत घरच्यांना परवानगी नसे. हा माणूस आत जाऊन नेमकं करतो काय, ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. झग्यावर स्वेटर, स्वेटरवर लेकीचं जॅकेट आणि पायात दोन नंबर मोठे बूट, अशा त्या निघाल्या. हारुकोने तिसरा जोड स्वतःसाठी शोधला. उपासना रुहीला घेऊन खालीच थांबली.

पाइपच्या कडेने चढ होता. राजारामजी दर दहा पावलांवर थांबायचे, पान्याने टक्‌ करून वाजवायचे, ऐकायचे. घरात जिना चढताना गुडघ्याला हात लावणारा माणूस इथे चिखलातून भराभर चढत होता. मीराताई बघतच राहिल्या.

एका मोठ्या खडकापाशी नवा तुकडा सुरू झाला. चकचकीत, वर अजून फोम न गुंडाळलेला. खडक चुकवायला तो वर उचलून पुन्हा खाली आणला होता, उंटाच्या पाठीसारखा. राजारामजींनी अलीकडे हात ठेवला. "थंड." मग पलीकडे, झऱ्याच्या बाजूला, बोट टेकवून लगेच उचललं. "गरम!" त्यांचे डोळे असे चमकले की मीराताईंना लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं.

"हवा या कुबडात बसली आहे. पाण्याला पुढे जाऊच देत नाही." हारुकोला त्यांनी हवेत बोटाने चित्र काढून दाखवलं. तिला लगेच कळलं. पाण्याजवळ आयुष्य गेलेलं तिचं.

"मीरा, वर जा. झऱ्याच्या हौदापाशी चाक आहे व्हॉल्व्हचं. आधी पूर्ण बंद कर. मग मी सांगेन तसं उघडायचं. मी सांगितल्याशिवाय बोटही हलवायचं नाही."

"मी?"

"मग कोण? या मॅडमना मी काय सांगतो ते कळायला पाहिजे ना!"

मीराताई वर गेल्या. दगडांच्या फटीतून पाणी उकळ्या फुटल्यासारखं वर येत होतं, गंधकाचा वास नाकात भरत होता. लोखंडी चाक गंजलेलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला, बूट घसरले, पण चाक फिरलं. "बंद!" त्या ओरडल्या.

खाली राजारामजींनी हारुकोला दूर उभं केलं, स्वतः बाजूला झाले आणि लांब दांड्याच्या पान्याने कुबडावरचा जोड थोडा सैल केला. "गरम पाण्यासमोर कधी उभं राहू नये," ते बजावत होते, "अन् त्याच्याकडे पाठही करू नये. अर्धा फेरा उघड, मीरा!"

मीराताईंनी अर्धा फेरा उघडला.

"अजून अर्धा! हळू!"

फुस्स... जोडातून हवा सुटली. मग फटफट, मग शिट्टी. अख्खा डोंगर श्वास सोडतोय असं वाटलं. वाफेत राजारामजी दिसेनासे झाले आणि मीराताई ओरडल्या, "अहो!"

"आहे, आहे! थांब तशीच!"

शिट्टी थांबली. पाण्याची सलग चिळकांडी उडाली. राजारामजींनी जोड आवळला आणि वर बघून दोन्ही हात उंचावले. "पूर्ण उघड!"

मीराताईंनी चाक गरागरा फिरवलं. पाइपच्या पोटातून गुरगुर उठली आणि उतारावरून खाली धावत गेली. कान देऊन तिघंही स्तब्ध उभी. मग खालून रुहीची किंकाळी आली.

"इट्स कमिंग! आजी, इट्स कमिंग! सो मच वॉटर!"

हारुको टाळ्या वाजवायला लागली. सत्तरीची बाई, बर्फात उड्या मारत होती.

परतल्यावर राजारामजींनी कागद मागून घेतला, कुबडावर हवा सोडायची चावी कुठे बसवायची ते काढून दिलं, खाली मापं लिहिली. हारुकोने तो कागद दोन्ही हातांनी घेतला. उपासना म्हणाली, "बाबा, सॉरी." ते म्हणाले, "अगं, तू बरोबरच बोललीस. अनोळखी माणसाला पाइप उघडू द्यायचा नसतो."

संध्याकाळचं ऊन समोरच्या बर्फावर होतं तेव्हा टाकी काठोकाठ भरली होती. मीराताई अंग धुऊन आत उतरल्या आणि त्यांच्या तोंडून "अगं आई गं" एवढंच निघालं. राजारामजी पंचा घट्ट धरून दारातच घुटमळत होते.

"या ना. कडी लावली आहे. मी डोंगराकडे तोंड करते."

पाणी काठावरून सांडलं, म्हणजे ते आले. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती आणि असं एका पाण्यात ते कधीच बसले नव्हते. कोराडीच्या क्वार्टरमध्ये तर बादलीभर पाण्यात पाच जणांच्या आंघोळी उरकायच्या.

"अहो, तिकडे प्लँटवर रोज असंच करायचे का तुम्ही?"

"नाही. रोज तर नुसतं प्रेशरच्या काट्याकडे बघत बसायचो. असे दिवस वर्षातून दोन-चार. कधी तेवढेही नाही."

"अन् मी समजायची, तुम्ही आठ तास आगीशी झुंजून राहिले! त्या भरात दोन पोळ्या जास्त घालायची."

"म्हणून तर सांगितलं नाही," ते म्हणाले.

मीराताईंनी त्यांच्या तोंडावर ओंजळभर पाणी उडवलं. त्यांनी परत उडवलं. दोघंही हसून हसून लाल झाले. आडोशापलीकडून रुहीने लाकडावर थाप मारली. "आजोबा, आजी, डिनर इज रेडी! देअर इज अ होल फिश!"

"टेन मिनिट्स!" मीराताईंनी ठणकावून सांगितलं आणि हनुवटीपर्यंत खाली सरकल्या.