बाईसाहेबांची शेपटी

प्राणिसंग्रहालयातले प्राणी डॉक्टरवर माया करतात असं ज्याला वाटत असेल, त्यानं एकदा या डॉक्टरांबरोबर सकाळची फेरी मारून पाहावी. माकडं त्यांना लांबून बघूनच बोंब ठोकतात. शहामृग पाठ फिरवतं. ज्या अस्वलाचा किडका दात काढून त्यांनी त्याचं ठणकणं कायमचं थांबवलं, ते अस्वल त्यांच्या अंगावर माती उडवतं. दात दुखत होता हे ते विसरलं, सुई टोचली एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवलं. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं! खायला घालणारे लाडके, पिंजरा धुणारे लाडके, आणि ज्याच्यामुळे जीव वाचला तो मात्र सात जन्मांचा वैरी.

डॉक्टरांचा स्वभावही काही लोण्याचा नव्हता. कामगार त्यांना 'तोफ' म्हणायचे, अर्थात पाठीमागे. माकडांना वेफर्सची पिशवी फेकणाऱ्या एका गृहस्थाला त्यांनी ती पिशवी परत आणून दिली होती आणि "आधी तुम्ही चावून दाखवा" म्हणून चारचौघांत उभं केलं होतं. त्यांचा राग खरा असायचा, आणि बहुतेक वेळा योग्य माणसावरच निघायचा. अडचण होती ती हीच. योग्य माणसावर रागावणाऱ्याला आपलंही काही चुकत असेल अशी शंकाच येत नाही.

याच डॉक्टरांनी आठ महिने तोंड बंद ठेवलं होतं, तेही एका वाघिणीसाठी.

वाघीण सोळा वर्षांची होती. तिच्या चालण्यातला तोरा बघून सगळे तिला बाईसाहेब म्हणत. बाईसाहेबांच्या किडन्या थकल्या होत्या. औषध लागू पडत होतं, पण दर तीन आठवड्यांनी रक्त तपासून त्याचं प्रमाण बदलावं लागे. कमी पडलं तर विष साठणार, जास्त झालं तर औषधच किडन्यांच्या मुळावर येणार. आणि वाघिणीचं रक्त घ्यायचं म्हणजे भुलीची बंदूक आली. शेवटच्या भुलीनंतर ती सहा तास उठली नव्हती. तिची देखभाल करणारे आबा ओला फडका घेऊन तिच्या जिभेजवळ बसून राहिले होते. आता पुन्हा भूल दिली तर ती उठेलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनीच स्वतःच्या हातानं कागदावर लिहून ठेवलं होतं.

मग उरला एकच मार्ग. बाईसाहेबांनी आपणहून शेपूट बाहेर द्यायचं आणि त्या शेपटीखालच्या शिरेतून जागेपणी रक्त घ्यायचं.

हे काम आबांचं. शिट्टी वाजली की जाळीपाशी यायचं, एवढं शिकवायलाच एक महिना गेला. मग जाळीला लागून आडवं पडायचं. मग तळाशी असलेल्या विटेएवढ्या खिडकीतून आबांनी काठीनं शेपूट बाहेर घेतलं तरी हलायचं नाही. मग शेपूट हातात धरणं, मग स्पिरिटचा बोळा, मग बोथट पेन्सिलीची टोचणी आणि सगळ्यात शेवटी सुई. प्रत्येक पायरीला चिमट्यातून मांसाचा एक तुकडा आणि आबांचं "थांब बाई, थांब." आबांच्या तोंडचं 'थांब' ऐकलं की ती थांबायची. पण सुई धरणारा हात डॉक्टरांचा, आणि डॉक्टरांचा आवाज तिच्या डोक्यात पक्का बसलेला. तीन वेळा भुलीची सुई बसली तेव्हा हाच आवाज ओरडत होता. तो नुसता अंगणातून आला तरी ती आतल्या कोपऱ्यात जाऊन बसायची. म्हणून पिंजऱ्यामागच्या बोळात डॉक्टर मुके. आबांचा जुना शर्ट घालून, लाकडी फळीआड, पालथ्या बादलीवर बसायचे आणि सगळं बोटांच्या खुणांनी चालायचं. बाईसाहेबांच्या लेखी फळीआड आबांचाच कुणी सोबती होता.

"तिथे आठ महिने मूग गिळून बसता," बायको म्हणायची, "घरी आठ मिनिटं बसून दाखवा, मी पेढे वाटते."

पहिल्यांदा नळीत रक्त आलं त्या दिवशी डॉक्टर बोळातून चोरपावलांनी बाहेर पडले, पार गवताच्या गोदामामागे गेले आणि तिथे लहान पोरासारखे ओरडले. लॅबवाल्या बाईंनी तपासणी करून आकडे दिले, औषध बदललं, आणि बाईसाहेब आठवडाभरात पोटभर खाऊ लागल्या. त्यानंतर आणखी दोनदा रक्त मिळालं. तिसऱ्या खेपेचे आकडे मात्र घसरले होते. पुढची तपासणी चुकवून चालणार नव्हतं.

आता यात संचालकसाहेबांचा काय संबंध? काही नाही. आठ महिन्यांत ते एकदाही बोळात फिरकले नव्हते. पण पीक तयार झालं की पाखरं येतातच. वाघीण शेपूट देते ही बातमी त्यांच्या कानावर गेली, आणि त्यांनी ती देणगीदारांच्या मेजवानीत स्वतःची कल्पना म्हणून सांगितली. वर आमंत्रणही दिलं.

बुधवारी सकाळी शेपूट खिडकीतून बाहेर होतं. डॉक्टरांच्या एका हातात स्पिरिटचा बोळा, मांडीवर सिरिंज. एवढ्यात बोळाचं दार उघडलं. संचालक आत आले, मागे एक जाडजूड देणगीदार, त्यांची पत्नी आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस. आबांनी ओठांवर बोट ठेवलं. डॉक्टरांनी हातानं 'बाहेर जा' म्हणून खुणावलं. संचालकांना ते स्वागत वाटलं की काय देव जाणे! ते थेट फळीआड शिरले.

"हेच ते," ते पाहुण्यांना म्हणाले. "चक्क मांजरासारखी माणसाळवली आहे आम्ही."

"फोटोत शेपूट दिसत नाहीये, साहेब," कॅमेरावाला म्हणाला.

संचालक वाकले, शेपटीचं टोक मुठीत धरलं आणि उजेडाकडे ओढलं.

जाळीपलीकडे बाईसाहेब पुढच्या पायांवर उठल्या. घशातून एक खोल गुरगुर आली. देणगीदारांची पत्नी भिंतीला चिकटली. आबा जागचे हलले नाहीत. "थांब बाई," ते नेहमीच्याच सुरात म्हणाले, "थांब," आणि चिमटा पुढे केला. बाईसाहेबांनी मान वळवून शेपटीकडे पाहिलं, मग तुकड्याकडे पाहिलं. आणि हळूहळू परत खाली पडल्या. शेपूट अजून संचालकांच्याच मुठीत होतं.

डॉक्टरांच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"सोड! हात सोड आधी, गाढवा!"

सबंध बोळ दणाणला. शेपूट सपकन आत गेलं. बाईसाहेबांनी वळून जाळीवर अशी झेप घेतली की वरचा पत्रा खडखडला. आणि मग त्या आतल्या खोलीत, अगदी शेवटच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. फळीआडचा सोबती कोण होता, ते त्यांना कळलं होतं.

दुपारपर्यंत ही गोष्ट संग्रहालयभर झाली. कॅन्टीनमध्ये डॉक्टर शिरले तर तिकीट खिडकीवाल्यानं उठून खुर्ची दिली. माळ्यानं हात जोडले. "बरं सुनावलंत, डॉक्टर! कुणीतरी सुनवायलाच हवं होतं." चहाचे पैसे कुणी घेईना. डॉक्टर चहा प्यायले, चार शब्द आणखी बोलले, ते चार शब्दही लोकांनी वाखाणले. आबा तेवढे आले नव्हते.

बाईसाहेबांनी दोन दिवस मांसाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी खाल्लं, पण शिट्टी ऐकून जाळीपाशी आल्या नाहीत. चौथ्या दिवशीही नाही. ज्या खिडकीपाशी आठ महिने घातले, तिच्याकडे पाठ करून बसायच्या. तपासणीची तारीख टळून गेली होती, आणि डॉक्टर रोज संध्याकाळी आबांना "आल्या का?" विचारायचे. आबा मान हलवायचे, नाही म्हणून.

पाचव्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलावर पत्र आलं. पाहुण्यांसमोर वरिष्ठांना अपशब्द वापरल्याबद्दल लेखी माफी मागावी. चोराच्या उलट्या बोंबा! डॉक्टर ते पत्र हातात घेऊनच संचालकांच्या खोलीत शिरले.

"माफी? एक मुका जीव तुमच्या फोटोपायी मरणाच्या दारात गेलाय, आणि माफी मी मागू?"

"डॉक्टर, आवाज खाली."

"वास्तविक गाढवांची माफी मागायला हवी मी! बावीस वर्षांत एकाही गाढवानं मला असा त्रास दिला नाही."

संचालक लाल झाले. "मी शेपूट हळूच धरलं होतं. ती शांत होती. परत खाली बसली होती, सगळ्यांनी पाहिलंय. बिथरली ती तुम्ही ओरडलात तेव्हा."

यावर डॉक्टर जे भडकले ते विचारू नका. स्वतःचं पाप दुसऱ्याच्या माथी! बाहेरच्या कारकुनानं लिहिणं थांबवलं. वरच्या मंडळाकडे तक्रार करीन, वर्तमानपत्रात जाईन, भूल देताना वाघीण गेली तर कारणाच्या रकान्यात तुमचं नाव लिहीन, असं सगळं बोलून झालं. शेवटी त्यांनी टेबलावर तळहात आपटून पुढे केला. "बोळाच्या दाराची किल्ली द्या. तुमच्या जुडग्यातली. आत्ता."

संचालकांच्या डोळ्यांसमोर बहुधा वर्तमानपत्र आलं असावं. त्यांनी जुडग्यातून किल्ली काढली आणि टेबलावर टाकली.

डॉक्टर तिथून निघाले ते जवळजवळ पळतच. वाटेत मोराच्या पिंजऱ्यापाशी दोघा कामगारांना त्यांनी किल्ली उंच करून दाखवली. आबा वाघांच्या घराबाहेर नळावर बादल्या विसळत होते.

"घ्या, आबा!" डॉक्टर म्हणाले. "आणली काढून. आता त्या बोळात कुणी येणार नाही. असा धुतलाय त्याला, की जन्मभर शेपूट म्हटलं तरी दचकेल."

आबांनी नळ बंद केला. हात पुसले. किल्ली घेतली आणि खिशात टाकली. आणि पुन्हा हात पुढे केला.

"आता तुमची."

"माझी कसली?"

"किल्ली. बोळाची."

डॉक्टर हसले. आबा हसले नाहीत.

"मी? आबा, मी तिचा डॉक्टर आहे! त्या माणसानं शेपूट ओढलं, मी त्याला हाकललं, आणि किल्ली माझी?"

"त्यांनी ओढलं. चूकच केली, मोठी चूक." आबांचा आवाज चढला नव्हता, पण थरथरत होता. सोळा वर्षांत डॉक्टरांनी त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं, म्हणून हा राग आहे हे कळायलाही त्यांना वेळ लागला. "पण डॉक्टर, ती थांबली होती. शेपटीला हिसका बसला, दुखलं, समोर चार परके, आणि मी थांब म्हटलं म्हणून ती थांबली. वाघीण थांबली. तुम्ही नाही थांबलात."

डॉक्टरांचं तोंड उघडं होतं. मघाशी हेच वाक्य दुसऱ्या तोंडून ऐकलं तेव्हा ते त्यांना खोटं वाटलं होतं. खरं बोलणारा माणूस नावडता असला की खरंही कानात शिरत नाही. आताही उत्तर तयार होतं. आठ महिने, बादली, आबांचा तो जुना शर्ट, सगळं जिभेवर आलं होतं.

आबा वाट बघत उभे राहिले. भिंतीपलीकडे, दहा पावलांवर, ती होती.

डॉक्टरांनी तोंड मिटलं. जुडगं काढलं. कडीतून किल्ली निघता निघेना, नख मोडलं, तरी एक शब्द न बोलता त्यांनी ती काढून आबांच्या हातावर ठेवली.

आबांनी ती पहिलीशेजारी खिशात टाकली, आणि बादली उचलता उचलता अगदी हळू विचारलं, "लॅबवाल्या बाईंना सुई धरायला शिकवाल का? त्यांचा आवाज तिनं कधी ऐकलेला नाही."