न मारलेली फुंकर

माझ्या नणंदेचं लग्न ठरलं त्या वर्षीची ही गोष्ट. माझे सासरे केसाळ कातडी कमावून त्यांचे कोट शिवायचे. राहायचं घर वर, कारखाना खाली. खाली कोल्ह्यांची कातडी उलटी टांगलेली असत, ओल्या पायमोज्यांसारखी. सासरे बोथट सुरीनं आतली चरबी खरवडत. ती पिवळी, चिकट घाण बादलीत पडे आणि तिचा वास आमच्या उशांना, जेवणाला, केसांना लागे.

हातात काहीही आलं की सासरे फुंकर मारत. फुंकलं की केस दोन्हीकडे वळतात आणि तळाचं कातडं दिसतं. पांढरं असलं तर माल चांगला. माझ्या तान्ह्या मुलाच्या डोक्यावरही ते तसेच फुंकत, मला शिसारी यायची. गल्लीत त्यांना ‘फुंक्या’ म्हणत.

नणंदेला त्या घरातून सुटायचं होतं. “वहिनी, अंगाची साल निघेपर्यंत घासलं तरी वास जात नाही गं,” म्हणायची.

होणारी सासू कोटाचं माप द्यायला आली, ती नाकाला रुमाल लावूनच.

“ई! काय कुजलंय इथं?”

“तुमचाच कोट, विहीणबाई,” सासरे म्हणाले. “अंगावर चढायचाय अजून.”

“लग्नात हवाय हं मला. माझ्या जावेचं तोंड बघायचंय.”

सासऱ्यांनी एक कातडं फुंकून दाखवलं. तळ पिवळट होता. “बघा, कच्चं आहे. घाई केली तर सडेल.”

“मग राहू द्या. आम्हाला काय मुलींचा दुष्काळ पडलाय?”

थंडीला रजई पुरते. जावेचं तोंड उतरवायला मात्र कोल्हे मारावे लागतात. हा धंदा त्यावरच चालायचा.

“आबा, करा ना,” नणंद बापाच्या पाया पडली. “मला इथं ठेवू नका.”

सासऱ्यांनी कोट केला. चरबी पुरती निघाली नव्हती. शेवटचा टाका घालून त्यांनी घडी माझ्या हातात दिली.

“मामंजी, फुंकलं नाहीत?”

“घेऊन जा, सूनबाई,” म्हणाले, आणि बादली उचलून बाहेर गेले.

लग्नाचा हॉल माणसांनी तापला होता. लग्न अजून लागायचं होतं. विहीणबाई घामानं निथळत होत्या, पण कोट काढतील तर शपथ. गोडसर, सडका वास सुटला होता.

“खरा आहे ना गं?” जावेनं नाक मुरडून विचारलं.

“खरा म्हणजे? माल असा पारखतात!” विहीणबाईंनी बाही तोंडाशी नेऊन जोरात फुंकलं.

केसांचा झुपकाच सुटला. ओठांना, जिभेला चिकटला. खाली हिरवट, बुळबुळीत कातडं उघडं पडलं. बाई तिथंच भडाभडा ओकल्या. मग बोटांनी जिभेवरचे केस काढत म्हणाल्या, “फुंक्याची पोर माझ्या घरात नको.”

नवरदेव आईच्या अंगातला कोट ओढून काढत होता. नणंदेकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. तो कोट तिनंच जमिनीवरून उचलला आणि घरी आणला.

दुसऱ्या दिवशी ती खाली सुरी घेऊन बसली.

“अगं, वास...” मी म्हणाले.

“मला नाही येत आता, वहिनी.”

मला येत होता. अजूनही येतो.

सासरे त्याच हिवाळ्यात गेले. नणंद माझ्या नातीच्या लग्नाच्या वर्षी गेली, खालच्याच खोलीत.