खडकांपलीकडचं पाणी

त्याने सर्फबोर्डाच्या कडेवरून हात फिरवला, अंगठा वर आणि बोटं खाली अशी ती कड चिमटीत धरून चाचपली, आणि विचारलं, "ही वरून-खालून सारखीच गोल आहे ना? पन्नास-पन्नास?"

ती शेजारच्या बोर्डाचं शेपूट बघायला वाकली होती. ती तशीच वाकलेली राहिली.

इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या नवऱ्याने बोर्डाला हात लावला होता तो फक्त वाटेतून बाजूला करायला. व्हरांड्यात आडवा पडलेला तिचा जुना लाँगबोर्ड त्याच्या लेखी 'तुझी ती होडी' होता. पाहुण्यांना तो सांगायचा, "बायकांना सवत असते म्हणतात. माझ्या नशिबी ही आली." समुद्रात गुडघ्याच्या वर तो कधी गेला नव्हता. चष्मा काढला की त्याला लाट कुठली आणि भिंत कुठली हेही कळत नसे, असं तो स्वतःच सांगायचा. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे हा विनोद तो गिऱ्हाइकांनाही ऐकवायचा.

"तुला कुठून कळलं पन्नास-पन्नास?" तिने विचारलं.

"वाचलं कुठेतरी."

उत्तर फार पटकन आलं. ती कोर्टात लघुलेखक होती. दिवसभर साक्षीदारांचं बोलणं तिच्या बोटांमधून कागदावर उतरायचं, आणि खोटं बोलणारा माणूस अडखळतो ही वकिलांची समजूत तिला कधीच पटली नव्हती. खोटं बोलणारा अडखळत नाही. तो उत्तर तयार ठेवून आलेला असतो.

गेल्या आठवड्यात जेवताना त्याने एकदम विषय काढला होता. तुझा बोर्ड जुना झाला, आता नवा घेऊ, मी घेऊन देतो. तिने मागितला नव्हता. वाढदिवस नव्हता. तिने नणंदेला फोनवर सांगितलं तेव्हा नणंद खळखळून हसली होती. "अगं, माझा भाऊ आहे म्हणून सांगते. पुरुष न मागता काही देतो ना, तेव्हा घ्यावं, पण आधी त्याचे खिसे बघावेत."

खिशात काही नव्हतं. पण दुकान बंद असायचं त्या दिवशी तो हल्ली सकाळीच बाहेर पडायचा. घाऊक व्यापाऱ्याकडे फ्रेमा बघायला जातो म्हणायचा, आणि दुपारी मान रापवून, शीळ घालत परत यायचा. आल्या आल्या आंघोळ. एकदा शर्ट काढताना बरगडीवर निळसर डाग दिसला. "दुकानाचं शटर लागलं," असं तिने काही विचारायच्या आतच तो म्हणाला होता. मग परवा त्या व्यापाऱ्याचाच घरी फोन आला. साहेब बऱ्याच दिवसांत फिरकले नाहीत, तब्येत बरी आहे ना? तब्येत उत्तम आहे, असं ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. नवऱ्याला काही बोलली नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं. ते वर येईपर्यंत थांबायचं तिने ठरवलं होतं.

शेडच्या आतल्या दारातून बोर्ड बनवणारी बाई बाहेर आली. चाळिशीची, रुंद खांद्यांची. भुवयांवर फोमची पांढरी भुकटी बसली होती आणि मास्क गळ्यात लोंबत होता. तिच्या हातात ट्रे होता.

"ताई, तुम्हाला साखर किती?"

"एक चमचा."

बाईने तिच्या कपात साखर घातली, ढवळली, आणि दुसरा कप तसाच, काही न विचारता, नवऱ्यापुढे धरला. त्याने घेतला आणि घोट घेतला. डॉक्टरांनी त्याची साखर बंद केली होती ती मागच्या उन्हाळ्यात.

तिने कप खाली ठेवला नाही, पण ओठांनाही लावला नाही.

"तर असं आहे," बाई म्हणाली. शेडमध्ये स्टँडवर दोन बोर्ड ठेवले होते, एक फिकट हिरवा, दुसरा मातकट लाल. दोन्ही साडेनऊ फुटांच्या आतबाहेरचे, दोन्ही जुन्या घडणीचे, जड, शेपटीखाली एकच फिन, म्हणजे पर, असलेले. "दिसायला भावंडं, पण स्वभाव वेगळे. हा हिरवा नाकावर उभं राहण्यासाठी. नाक रुंद आहे बघा, आणि खालून असं खोलगट." तिने हिरव्याच्या नाकाखाली तळहात ठेवला. "इथे पाणी धरलं जातं, ते खालून उचलून धरतं. शेपटीला वाक दिलाय, तिथे लाटेचं वजन बसतं. तुम्ही पावलं टाकत पुढे गेलात, पायाची बोटं टोकाबाहेर काढलीत, तरी हा बुडी मारणार नाही. पण हळू चालतो. लाटेच्या कुशीतच राहतो."

"आणि लाल?"

"लाल धावतो. नाक अरुंद, तळ सपाट. एकदा लाटेवर तिरका लावला की तसाच लांब जातो. पाय हलवायची गरज नाही. नाकावर जाता येतं, पण तो फार वेळ खपवून घेत नाही."

"आपल्या किनाऱ्यावर हिरवाच," नवरा म्हणाला. "आपल्याकडे लाट मऊ असते ना. लाल अडकेल."

दोघी त्याच्याकडे बघायला लागल्या. बाईने नजर पटकन वळवली आणि हिरव्याच्या नाकावरची नसलेली धूळ पुसली.

"बरोबर बोलतायत ते," ती म्हणाली.

बरोबर होतंच. हाच तर त्रास होता. तिला स्वतःलाही हिरवाच हवा होता. जुन्या बोर्डावर टोकापर्यंत ती कितीदा गेली होती, पण तिथे क्षणभर टेकली की नाक खाली जायचं आणि समुद्र तिला झटकून टाकायचा. टोकावर नुसतं उभं राहायचं, पुढे काहीच नाही, बोर्डही नाही, हे तिला एकदा हवं होतं. कोर्टात जायच्या आधीचा समुद्रातला तो तास तिचा होता. तिथे कोणी बोलत नसे, आणि बोललेलं काही लिहून घ्यावं लागत नसे.

बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवला. त्यांची गाडी वाटेत होती. नवरा किल्ली घेऊन बाहेर गेला. तो लांब गेल्याची खात्री होईपर्यंत ती थांबली.

"ते इथे कधीपासून येतायत?"

बाई हसली नाही. "ताई, त्यांनाच विचारा."

"तुम्हाला विचारतेय."

"मी शब्द दिलाय."

"कसला?"

बाईने मास्क गळ्यातून काढला, त्याची दोरी बोटाभोवती गुंडाळली. "तुम्ही समजताय तसं काही नाही. पण ते माझ्या तोंडून नको."

नवरा आत आला तेव्हा दोघी हिरव्या बोर्डाच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. कप फोडलेला मुलगा घरात शिरतो तशी त्याची चाल झाली.

"तू घाऊक व्यापाऱ्याकडे जात नाहीस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्यांचा फोन आला होता. तुझी साखर बंद आहे हे या बाईंना माहीत आहे. आता सांग."

त्याने बाईकडे पाहिलं. बाईने छताकडे.

"मला तुझा जुना बोर्ड हवाय," तो म्हणाला.

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"म्हणजे तुला नवा घेतला की जुना रिकामा होईल. तो माझ्या वजनाला चालेल, असं या म्हणतात. मी शिकतोय गं. धक्क्याच्या पलीकडे यांचा वर्ग असतो. सगळी दहा-बारा वर्षांची पोरं आणि मी. ती मला आजोबा म्हणतात."

"चष्म्याशिवाय?"

"लाट दिसत नाही. ऐकू येते. मागून आवाज बदलला की या ओरडतात, मी हात मारतो." तो आता थांबणार नव्हता, हे तिला दिसलं. "बरगडीला लागलं ते बोर्डाचंच. शटर वगैरे काही नाही. पण मागच्या वेळी उभा राहिलो! खरंच. विचार यांना. गुडघ्यावर नाही, पायांवर. लाट मऊ होती, मी म्हटलं आता नाही तर कधीच नाही, आणि—"

ती हसायला लागली. इतके दिवस पोटात धरून ठेवलेलं सगळं त्या हसण्यातून सुटलं. डोळ्यांतून पाणी आलं. तिने स्टँडला धरलं. बाईही हसली, सुटल्यासारखी. नवराही हसला, जरा उशिरा, आणि मग तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आता रोज सकाळी दोघं मिळून जाऊ. तू पुढे, मी मागे. तुला एकटीला कंटाळा येत असेल ना तिथे. गप्पा मारत बसू लाटांची वाट बघत."

तिचं हसू ओठांवरच राहिलं. तिने डोळे पुसले.

मग ती हिरव्या बोर्डापाशी गेली. नाकाखालच्या खोलगट भागात तिने हात ठेवला. घडण सुरेख होती, तळहात आपोआप बसत होता. तिने हात बराच वेळ तिथे ठेवला. नवरा बाईला विचारत होता, जुन्या बोर्डाची फिन बदलावी लागेल का.

"खडकांपलीकडे," ती मधेच म्हणाली, "तिकडे कुठला चालेल?"

बाईने तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"तिकडे लाट लांब जाते. तिकडे लालच. पण तिकडे प्रवाह आहे, ताई. तुम्हाला जमेल. नव्या माणसाने जाऊ नये."

"लाल द्या."

नवऱ्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. काचा स्वच्छच होत्या. त्याला आता सगळं कळत होतं. लाल कुठे चालतो, हिरवा कुठे, आपल्या किनाऱ्यावर कुठला अडकतो. एवढं शिकला नसता, तर त्याला तो फक्त रंग वाटला असता.

"चांगला आहे लाल," तो शेवटी म्हणाला. चष्मा डोळ्यांवर नीट बसवला. "तिकडे जाताना वारा आधी बघत जा. दुपारकडे फिरतो म्हणतात."

बोर्ड जड होता. दोघांनी मिळून तो बाहेर नेला, टपावर चढवला. पट्टे त्यानेच आवळले, कडेला लागू नये म्हणून मध्ये फडकी घातली. तिने सांगितलं नव्हतं.

गाडी सुरू झाली. एरवी दुकानापासून घरापर्यंतच्या वाटेत तो तीन गिऱ्हाइकांची नक्कल करायचा आणि ती खिडकीबाहेर बघत 'हं' म्हणायची. आज तो गप्प होता. रागावलेला दिसत नव्हता. रस्त्याकडे बघत, गिअर बदलत, नुसता गप्प. वळण आलं, पूल आला. टपावरचा पट्टा वाऱ्याने फरफर वाजत होता. तिला हवी होती तशीच शांतता गाडीत भरून राहिली होती, आणि तिला त्यात हात कुठे ठेवावेत ते कळेना.

सिग्नलला गाडी थांबली.

"मग?" ती म्हणाली.

"काय मग?"

"उभा राहिलास म्हणालास. पुढे काय झालं?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, ती खरंच विचारतेय का ते बघायला. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, तरी त्याने गाडी हलवली नाही.

"पडलो," तो म्हणाला. "पण लगेच नाही."