पुंडलिकरावांचं हाड आणि पोळ्याचा मान

अठ्ठावन्न साली ढाणकीच्या बाजारातून येताना बैलांची दमणी नाल्यात कलंडली, तेव्हा पुंडलिकराव आणि त्यांच्या पत्नी विमलताई दोघंही एकाच बाजूला पडले. विमलताई उठल्या, लुगडं झटकलं आणि बैल धरले. पुंडलिकरावांच्या नडगीचं हाड मोडलं. मोडल्याचं दुःख होतंच. पण बायकोचं मोडलं नाही, हे जास्त ठणकत होतं.

प्लास्टर निघालं त्या दिवशी यवतमाळच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला. "हाड जुळलंय, पण भुसभुशीत आहे. व्यायाम काय करता?"

"पोयतो. मुदगल फिरवतो," पुंडलिकराव छाती काढून म्हणाले. "गावात जोड नाई आपल्याले."

"पोहताना तुमचं वजन पाणी उचलतं. मुदगलानं दंड भरतात. पायाचं हाड भरायला पायावर भार पडावा लागतो. या बाई काय करतात?"

"हे काय करते? घरीच तं असते."

"पानी भरनं हाये," विमलताई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "डोक्यावर दोन घागरी. नाल्यापल्याडून."

"मग तुम्हीही भरा," डॉक्टर म्हणाले. "आधी नुसतं चाला, मग थोडं थोडं ओझं घ्या."

परतीच्या मोटारीत नवरा पुढच्या बाकावर बसला, बायको मागच्या. तशी सवय होतीच.

काळजी पोळ्याची होती. गावात पहिली जोडी पुंडलिकरावांच्या घरची. रीत अशी, की मानाच्या घरच्या माणसानं कासरा धरून पायी तोरणाखालून जायचं. तो गेला नाही तर मान धाकट्या पातीकडे, म्हणजे चुलतभाऊ मारोतरावांकडे. ते या दिवसाची वाट बघत म्हातारे होत आले होते.

पुंडलिकरावांनी दोन दिवस काठी टेकत आवारात फेऱ्या मारल्या. तिसऱ्या दिवशी मारोतराव कुंपणाशी उभेच.

"काय दादा, घागर घेऊन राह्यले म्हन्ते? लुगडं कोन्त्या रंगाचं आनू?"

पुंडलिकरावांनी काठी त्यांच्या दिशेनं भिरकावली आणि चालणं बंद केलं. डॉक्टर परका, अपमान घरचा. श्रावणभर ते विहिरीत पोहले. दंड असे फुगले की बंडी शिवणीवर उसवली. छाती बघून बैलही बिचकत.

"इहिरीतून पोळा निंगत नाई," विमलताई म्हणाल्या.

"तू चूप राह्य. तुले काय समजते हाडातलं?"

"मोडलं कोनाचं?"

त्या दिवशी पुंडलिकराव जेवले नाहीत. विमलताईंनी त्यांच्या वाटणीचं गाईला घातलं.

पोळ्याला आंब्याच्या पानांचं तोरण लागलं, बैल झुली घालून उभे राहिले. पोळ्यात बैलांपुढे टोमण्याची झडती गातात; ती म्हणायची पहिली संधी मारोतरावांनी घेतली:

"इहिरीत पोयते गावचा वाघ,
पानी म्हन्ते, जरा बाहीर निंग,
छाती हत्तीची, पाय मुंगीचा,
मान सांभाळा पुढच्या सालीचा!
हर हर महादेव!"

सारं गाव हसलं. पुंडलिकराव लालबुंद झाले आणि रागाच्या भरात त्यांनी कासरा हिसडला. बैल चमकून पुढे झाला. दंडांनी त्याला धरून ठेवला, पण पायानं साथ दिली नाही. काही मोडलं नाही. पाय नुसता नाही म्हणाला. तोरणाच्या अलीकडे, चिखलात, मानकरी मांडी घालून बसल्यासारखे बसले.

मारोतरावांनी झेप घेऊन कासरा धरला.

विमलताई ओवाळायला आल्या होत्या. त्यांनी ताट शेजारणीच्या हातात दिलं.

"सोडा."

"वहिनी, बाईमानसानं कासरा..."

"मानाच्या घरच्या मानसानं चालाचं, अशीच रीत हाये ना? मी काय भाड्यानं आनली का?"

त्यांनी कासरा ओढून घेतला आणि जोडी तोरणाखालून नेली. सरळ, न लचकता, डोक्यावर ओझं असल्यासारखी मान ताठ. मागे वळून पाहिलं नाही.

"हे गावाची रीत नोये!" चिखलात बसलेले पुंडलिकराव आणि रिकाम्या हातानं उभे मारोतराव एकदमच ओरडले.

वीस वर्षांत दोघा भावांचं प्रथमच एकमत झालं होतं. ऐकायला मात्र कोणी थांबलं नव्हतं. गाव जोडीमागे मारुतीच्या देवळाकडे गेलं होतं.